नेट बदलायचंय? आधी वायर कुठून येते ते बघा

घरातलं नेट गेलं की सगळे तुमच्याकडेच बघतात ना? आईची मालिका अडकली, ताईची मीटिंग तुटली, धाकट्याचं लेक्चर गोल गोल फिरायला लागलं, की एकच वाक्य येतं, "बघ रे जरा काय झालंय." जणू खांबावर काय तुटलंय ते आपल्याला हॉलमध्ये बसून दिसणार असतं! आपण मग राउटर बंद करतो, दहापर्यंत मोजतो, पुन्हा चालू करतो. लाल दिवा तसाच. शेवटी कस्टमर केअर. तिथलं वाट बघायला लावणारं संगीत आता आपल्या सगळ्यांना पाठ झालंय.

आमच्या चिखलीतल्या घरी गेल्या पावसाळ्यात हा खेळ अकरा दिवस चालला. स्पाईन रोडच्या बाजूला कुठेतरी जेसीबीने केबल तोडली, हे तिसऱ्या दिवशी कळलं. तेही कंपनीकडून नाही, कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडून. माझा भाऊ डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. चौथ्या दिवशी संध्याकाळी त्याची चाकणच्या एका कंपनीसाठी ऑनलाइन ॲप्टिट्यूड टेस्ट होती, कॅमेरा चालू ठेवून द्यायची. बाबांच्या फोनचा हॉटस्पॉट घेतला. घरात रेंज जेमतेम एक काडी, म्हणून पोरगं जिन्यात जाऊन बसलं. निम्मे प्रश्न झाले असतील, तेवढ्यात फोनच्या दुसऱ्या सिमवर कोणाचा तरी कॉल आला, डेटा थांबला आणि टेस्ट आपोआप सबमिट झाली. पुन्हा लिंक मिळाली नाही. बाबा वीस वर्षं चाकणला एका व्हेंडर कंपनीत शिफ्ट करतात. मुलाला फोन लागेल म्हणून त्या दिवशी त्यांनी मुद्दाम पहिली शिफ्ट मागून घेतली होती.

तेव्हा ठरवलं, ही कंपनी सोडायची. आणि तेव्हाच कळलं की सोडणं इतकं सोपं नाही. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. नाव कुठलंही घातलं तरी तुमच्यापैकी निम्म्यांना ही आपलीच गोष्ट वाटेल.

मोबाइलचं आठवा. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्टेबिलिटी आली. १९०० वर एक मेसेज टाकायचा, कोड घ्यायचा, नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायचं. त्यामुळे मोबाइलवाल्यांना "पोर्ट करेन हं" एवढं म्हटलं तरी फरक पडतो. लगेच ऑफर घेऊन कोणीतरी फोन करतं. घरच्या ब्रॉडबँडला असं काहीच नाही. तिथे पोर्ट करायला नंबर नसतो, असते एक वायर, आणि ती वायर कंपनीची असते. नवी कंपनी म्हणजे नवी वायर, नवं भोक, नवा राउटर, नवं डिपॉझिट. त्यात आम्ही सहा महिन्यांचे पैसे आधीच भरून बसलो होतो. महिना ४९९, त्यावर १८ टक्के जीएसटी, सहा महिन्यांचे ३,५३३ रुपये, आणि "एक महिना फ्री". ज्या ग्राहकाचे पैसे आधीच खिशात आहेत त्याच्या धमकीला कोण घाबरणार?

माझं पहिलं म्हणणं हेच आहे. आगाऊ प्लॅन घेताना आपण स्वस्तात काहीतरी मिळवलं असं वाटतं, पण त्या फ्री महिन्याच्या बदल्यात आपण सोडून जायची ताकद विकलेली असते. सेवा नवी असेल, तिची परीक्षा झालेली नसेल, तर महिन्याच्या महिन्याला पैसे भरा. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तर जाऊ देत. एक पावसाळा काढा, एक दिवाळी काढा, मग सहा महिन्यांचा विचार करा.

आता अकरा दिवसांतल्या आमच्या मूर्खपणाबद्दल. आम्ही रोज फोन करायचो आणि रोज नवी तक्रार नोंदवायचो. मेसेज यायचा, "आपली तक्रार २४ तासांत सोडवली जाईल." दुसऱ्या दिवशी मेसेज, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." समोर राउटरवर लाल दिवा लुकलुकतोय आणि फोनवर अभिनंदन! आम्ही चिडून पुन्हा फोन करायचो, पुन्हा नवा क्रमांक. शेवटी माझ्याकडे सहा तक्रार क्रमांक जमले. मला वाटलं पुरावा भक्कम झाला. प्रत्यक्षात उलटं झालं होतं. कंपनीच्या नोंदीत आमचं नेट सलग अकरा दिवस बंद नव्हतंच. तिथे एक-दोन दिवसांचे सहा किरकोळ बिघाड होते आणि सगळे "वेळेत" दुरुस्त झाले होते.

याने काय बिघडतं? बरंच. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २००६ साली ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम केले. त्यात बिघाड तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त रेंगाळला तर सात दिवसांचं भाडं परत, सात दिवसांच्या वर गेला तर पंधरा दिवसांचं, आणि पंधरा दिवसांच्या वर गेला तर पूर्ण महिन्याचं, असा हिशोब होता. १ ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले. त्यातही तीन दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर ग्राहकाला भरपाई, हे तत्त्व आहे, आणि नियम मोडणाऱ्या कंपनीचा दंडही वाढवलाय. म्हणजे अकरा दिवसांचे, मधले रविवार वगळले तरी, अर्ध्या महिन्याचे पैसे मागता आले असते. अडीचशे रुपयांच्या आसपास. रक्कम ऐकून हसू येईल. मलाही आलं. पण एकट्या चिखली-मोशी पट्ट्यात एका तुटलेल्या केबलवर किती घरं असतील, आणि त्या सगळ्यांनी अडीचशे मागितले तर दुरुस्तीची गाडी किती दिवसांत येईल, याचा विचार करा.

तर, तक्रार "सोडवली" असा मेसेज आला आणि नेट नसेल, तर नवी तक्रार टाकू नका. तीच पुन्हा उघडायला लावा. "माझा जुना क्रमांक हा, तो का बंद केला?" एवढंच विचारायचं. संभाषण ॲपवर किंवा मेलवर करा, म्हणजे लेखी राहतं. लाल दिव्याचा फोटो काढा, तारखेसकट. बाबा मला हसत होते, पण मी आता एक वही केली आहे. तारीख, वेळ, तक्रार क्रमांक, फोनवर काय सांगितलं ते. शाळेत प्रयोगवही लिहायचो तशी.

एवढं करूनही दाद लागली नाही तर? बरेच जण थेट ट्रायला टॅग करतात. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, ते त्यांचं कामच नाही. २०१२ च्या नियमांप्रमाणे कंपनीतच दोन पायऱ्या असतात. आधी तक्रार केंद्र, तिथे समाधान झालं नाही तर अपील प्राधिकारी. अपिलाला पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यायचा असतो. कंपनीच्या वेबसाइटवर या अपील प्राधिकाऱ्याचा मेल असतो, पण तो शोधायला जरा खाली, अगदी तळाच्या बारीक अक्षरांपर्यंत जावं लागतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तोही सेव्ह करून ठेवा. आणि ग्राहक आयोगाचं दार आहेच. २००९ च्या सुप्रीम कोर्टाच्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारी ग्राहक मंचात चालत नाहीत, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की दूरसंचार कंपनीविरुद्धही ग्राहक मंचात जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही. एलएलबी करणाऱ्या एखाद्या मित्राला सोबत घ्या, त्याचाही सराव होईल.

पण थांबा. कंपनी बदलायच्या आधी एक अप्रिय प्रश्न. बिघाड खरंच कंपनीचा आहे का?

माझ्या एका मैत्रिणीने पिंपळे सौदागरला वर्षभरात तीन कंपन्या बदलल्या. तिन्ही "एकदम भंगार". शेवटी एका वायरमन दादाने त्यांचा राउटर लोखंडी कपाट आणि टीव्हीच्या मधल्या खाचेतून काढून भिंतीवर लावला आणि बेडरूममधलं नेट धावायला लागलं. वाय-फायला लोखंड आणि जाड भिंती आवडत नाहीत. शिवाय दाट वस्तीच्या सोसायटीत प्रत्येक घराचा राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या त्याच दोन-चार चॅनेलवर कोंबलेला असतो. सकाळी आठच्या पीएमपीएमएलसारखी गत. तेव्हा आधी लॅपटॉपला लॅनची वायर थेट राउटरपासून जोडा आणि स्पीड मोजा. एकदा दुपारी, एकदा रात्री साडेनऊला. वायरवर स्पीड नीट आणि वाय-फायवर रडतंय, तर दोष घरात आहे. दुपारी नीट आणि रात्री वायरवरही रडतंय, तर कंपनीने एका लाइनवर जास्त घरं लटकवलीत. मग खुशाल सोडा.

जाता जाता, जाहिरातीतल्या १०० एमबीपीएसचा अर्थ सेकंदाला १०० एमबी डाउनलोड असा नसतो. तिथे बिट मोजतात, फाइल बाइटमध्ये असते, म्हणून आठने भागायचं. शंभराचे साडेबारा. यावरून कंपनीशी भांडू नका, तिथे कंपनी बरोबर असते.

आता वायर. नवं कनेक्शन घेताना आपण दोनच गोष्टी विचारतो, स्पीड किती आणि ओटीटी कुठलं फुकट. आपल्या भागात तिसरा प्रश्न विचारायला हवा. "दादा, गुरुवारी चालतं का?"

हसू नका. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी असते आणि महावितरणची दुरुस्तीची कामंही गुरुवारी निघतात. वीज गेली की घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू असतो, तरी नेट जातं. असं का, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. झालेलं असं, की काही कंपन्या फायबर बिल्डिंगपर्यंत आणतात आणि गच्चीवरच्या एका पेटीपासून पुढे साधी लॅन वायर घरात सोडतात. त्या पेटीला वीज लागते. पेटीची बॅटरी मेलेली असेल तर तुमचा इन्व्हर्टर काय करणार? फायबर थेट घरात आलं असेल तर मधे फक्त स्प्लिटर असतात, त्यांना वीज लागत नाही. एक्स्चेंजमध्ये जनरेटर आणि घरात इन्व्हर्टर असला की गुरुवार निभतो. त्यामुळे विक्री करायला आलेल्या मुलाला विचारा, घरात येणारी वायर फायबरची की लॅनची? त्याला उत्तर आलं नाही तर शेजारच्या विंगमध्ये ज्यांच्याकडे ते कनेक्शन आहे त्यांना विचारा. तसंही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू जास्त खरं सांगतात.

वायर तुटण्याचं तर काय सांगावं. रस्ता झाला की ड्रेनेज, ड्रेनेज झालं की पाण्याची लाइन, मग गॅस, मग पुन्हा रस्ता. खोदणाऱ्याने आधी केबलवाल्यांना कळवावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. नियोजन न करता केलेल्या खोदाईने दरवर्षी सुमारे तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असं तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं. आमच्या चौकातल्या जेसीबीच्या ड्रायव्हर दादाला मी या ॲपबद्दल विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मला मुकादम हात दाखवतो, मी तिथे बकेट घालतो." त्याची काही चूक नाही. खोदाईची परवानगी देणाऱ्या महापालिकेने ठेकेदाराला हे विचारायला हवं.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. कंपनी बदला, कंपनी बदला, असं आपण एकमेकांना सांगतो, पण बदलायला दुसरी कंपनी असते का? वाकड, पिंपळे सौदागरच्या मोठ्या सोसायट्यांच्या गेटवर रविवारी तीन-तीन कंपन्यांच्या छत्र्या लागतात. चिखली, जाधववाडी, म्हाळुंगेच्या चाळींमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांमध्ये एक केबलवाला असतो, घ्यायचं तर घ्या. चाकणच्या कंपन्यांत कंत्राटावर लागलेली पोरं एका खोलीत पाच-सहा राहतात, एकाच कनेक्शनचे पैसे वाटून भरतात. त्यांनी कोणाला धमकी द्यायची? आणि मोठ्या सोसायट्यांचाही एक गुपचूप प्रकार असतो. कमिटीने किंवा बिल्डरने एकाच कंपनीशी ठरवून टाकलेलं असतं, बाकीच्यांना "डक्टमध्ये जागा नाही". एका कंपनीने इमारत अडवून ठेवू नये, अशी शिफारस ट्रायने जानेवारी २०१७ मध्ये केली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीवरून मानांकन द्यायचे नियमही आले. पण तुमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय कोणी काढला आहे? सभेला काका मंडळी जातात, पार्किंगवर भांडतात आणि चहा घेऊन परत येतात. घरातलं नेट बघायचं काम आपल्याकडे असेल, तर आईबाबांना सांगून हा विषय लेखी द्यायचं कामही आपलंच आहे. "दुसऱ्या कंपनीला वायर टाकायला परवानगी का नाही?" एवढं एक वाक्य पुरे.

वायर येतच नसेल तर आता हवेतून येणारं कनेक्शनही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने एअरफायबर आठ शहरांत सुरू केलं, त्यात पुणे होतं. एअरटेलचंही तसंच आहे. टॉवर जवळ असेल आणि त्यावर गर्दी नसेल तर चांगलं चालतं. पण तोच टॉवर आजूबाजूच्या सगळ्या मोबाइलनाही सांभाळत असतो, हे लक्षात ठेवा. एक महिना बघा, मगच वर्षाचं भरा.

आम्ही शेवटी काय केलं? दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या केबलवाल्या दादाकडून कनेक्शन घेतलं. कागदावर स्पीड कमी, साठच. ओटीटी नाही, ॲप नाही, पावती व्हॉट्सॲपवर. पण फायबर थेट घरात, पैसे महिन्याचे महिन्याला, आणि बिघडलं तर दादाच्या दारात जाऊन उभं राहता येतं. लहान ऑपरेटर सगळे असेच असतात असं मी म्हणणार नाही. गणपतीत मांडवाच्या लायटिंगसाठी वायर खाली उतरवली तेव्हा आमचं नेट याच्याकडेही दीड दिवस बंद होतं. फरक इतकाच, की त्याने आदल्या दिवशी सांगितलं होतं.

बदलताना एक चूक आम्ही टाळली आणि एक केली. टाळलेली चूक अशी, की नवं कनेक्शन चालू होऊन आठवडा झाल्यावरच जुनं बंद करायला टाकलं. दोन-चार दिवसांचे डबल पैसे गेले, पण भावाची दुसरी टेस्ट त्या आठवड्यात होती, पुन्हा जिन्यात बसवायची हिंमत नव्हती. नवं कनेक्शनही पैसे भरल्यापासून सात दिवसांत मिळायला हवं, हे नव्या नियमांतलं अजून एक कलम. केलेली चूक म्हणजे जुना राउटर न्यायला आलेल्या मुलाकडून पावती घेतली नाही. बिचारा भर पावसात आला होता, रेनकोटमधून पाणी गळत होतं, आईने त्याला चहा दिला, तो राउटर पिशवीत घालून गेला. पंधरा दिवसांनी कंपनीचा मेसेज, "आपण आमचं उपकरण परत केलेलं नाही, डिपॉझिटमधून रक्कम वळती केली जाईल." तुम्ही असं करू नका. राउटर देताना मागचा सीरियल नंबर दिसेल असा फोटो काढा, नेणाऱ्याकडून मेसेजवर तरी पोच घ्या, आणि कनेक्शन बंद झाल्याचा मेल येईपर्यंत पिच्छा सोडू नका.

जुनी कंपनी अजून दर सोमवारी मेसेज पाठवते, "आम्हाला तुमची आठवण येते, परत या, एक महिना फ्री." डिपॉझिट मात्र अजून आलेलं नाही. अपील गेल्या बुधवारी टाकलंय. क्रमांक वहीत आहे. या वेळी एकच.